ओझरच्या खोक्यातल्या रशियन रेकॉर्डी: ही मारिया ग्रिनबर्ग कोण?

ओझर_टाउनशिप

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

बाबा ओझरला मिगच्या कारखान्यात टूल रूममध्ये होते. त्या काळी टाउनशिपमध्ये रशियन इंजिनियर बायकापोरांसकट राहायचे. त्यातल्या एकाशी बाबांची चांगली गट्टी होती. दोघेही बुद्धिबळवाले, त्यामुळे भाषेवाचून काही अडलं नाही. मायदेशी परतताना सामान जास्त होतंय म्हणून त्याने एक खोकं आमच्या घरी टाकलं. त्यात काचेचे पेले, एक जडशीळ इस्त्री आणि बऱ्याच एलपी रेकॉर्डी. पेले फुटले, इस्त्री आईने झिजवली, रेकॉर्डी माळ्यावर गेल्या त्या गेल्याच.

आता इंदिरानगरच्या घराला रंग काढलाय, म्हणून माळा रिकामा केला. बहुतेक रेकॉर्डी समूहगीतं आणि लोकगीतांच्या दिसतात. काही मात्र एकाच नावाच्या आहेत. मोबाइलचा कॅमेरा लेबलवर धरला तर त्याने वाचून दाखवलं: मारिया ग्रिनबर्ग, पियानो, बीथोवन, सोनाटा. पाकिटं साधी, फोटो नाही, काही नाही.

मी आपला नाट्यसंगीत आणि बापूराव पलुस्कर ऐकणारा माणूस. पियानो म्हणजे जुन्या हिंदी सिनेमात नायक पार्टीत वाजवतो आणि नायिका दुसऱ्याच कुणाशेजारी उभी असते, तेवढाच माहीत. पण कॉलेज रोडला एका मित्राकडे टर्नटेबल आहे, त्याच्याकडे जाऊन एक लावली. लेबलवर ३१ आकडा आहे. शेवटाकडे एक रडवेलं गाणं येतं, तुटत तुटत, आणि मग एकच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर, परत परत, दर खेपेला आधीपेक्षा मोठा. मित्र म्हणाला, सुई अडकली. मी म्हटलं, अडकली असती तर आवाज वाढला कसा?

तर प्रश्न असे. ही बाई कोण? ती जागा नक्की काय आहे? दोन बाजूंवर दोन वेगळे नंबर छापलेत, म्हणजे पाकिटात भलतीच चकती आलीय का? विकायच्या नाहीत, पण ठेवायच्या कशा तेही सांगा. एकीवर पांढरट बुरशी दिसतेय.


मिसळ_तर्री

अहो, ही तर स्टालिनची आवडती पियानोवाली! रेडिओवर ऐकलं आणि म्हणाला रेकॉर्ड पाठवा. रेकॉर्ड होतीच कुठे, ते थेट प्रक्षेपण होतं. मग सगळ्यांना रातोरात झोपेतून उठवून स्टुडिओत आणलं आणि सकाळपर्यंत एक प्रत तयार केली. तुमच्याकडे घबाड आहे. घाईने कुणाला देऊ नका, लाखांत जाईल.


पियानोबाई

धागाकर्ते, मित्राला आधी सांगा, सुई ठीक आहे.

तुम्ही ऐकलंत ते ओपस ११० (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक), एकतिसाव्या सोनाट्याची शेवटची मूव्हमेंट, म्हणजे शेवटचा भाग. बीथोवनने हस्तलिखितावर २५ डिसेंबर १८२१ ही तारीख घातली आहे. त्या वर्षी तो काविळीने आजारी होता, आणि कान तर केव्हाच गेले होते. आधी विलापाचं एक गाणं येतं. मग फ्यूग, म्हणजे एकाने ओळ सुरू करायची, दुसऱ्याने ती उचलायची, मग तिसऱ्याने, आणि तिघांनी एकमेकांच्या पायात न येता चालत राहायचं. इथे हे तिघेही एकाच माणसाच्या दहा बोटांत राहतात, हीच खरी अडचण. फ्यूग भरात येते, मोडते, आणि विलाप परत येतो, या वेळी अर्धा सूर खाली. गाण्याच्या मधेमधे विराम पेरलेत, त्यामुळे गाणाऱ्याला धाप लागलीय असं वाटतं. बीथोवनने तिथे ‘थकलेलं’ असं चक्क लिहूनच ठेवलंय. आणि त्यानंतर तुमचा तो जी मेजरचा कॉर्ड, वाढत वाढत. इतक्या मोठ्या आवाजानंतर फ्यूग परत येते ती डावं पेडल दाबून, दबक्या आवाजात, आणि उलटी. आधी जिथे सूर चढत होते, तिथे आता उतरतात.

माझ्याकडे मोठ्या मुलामुलींना हे शिकवते, तेव्हा बहुतेकांचा सगळा जोर त्या कॉर्डच्या सुरुवातीलाच खर्च होतो आणि पुढे वाढवायला काही उरत नाही. ग्रिनबर्ग इथे घाई करत नाही आणि नाटकही करत नाही. प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा किती मोठा करायचा याचा हिशेब तिने पहिल्या ठोक्याच्या आधीच केलेला असतो.

आता बाई कोण ते. ‘मिसळ_तर्री’ म्हणतात ती मारिया युदिना, १८९९ ते १९७०. तीही थोर, पण ही नव्हे. ती स्टालिनची गोष्ट संगीतकार शोस्ताकोविचच्या नावावर छापलेल्या आठवणींतून जगभर पसरली, आणि त्या आठवणी कितपत खऱ्या यावरच अभ्यासक अजून भांडताहेत. पण गोष्ट चटपटीत आहे, म्हणून रशियातली कुठलीही मारिया पियानोवर बसली की लोक तिला ती चिकटवतात.

मारिया ग्रिनबर्ग १९०८ साली ओडेसाला जन्मली. वडील हिब्रूचे अभ्यासक, आई घरी पियानो शिकवायची. मॉस्कोत ब्लूमेनफेल्डकडे शिकली, म्हणजे प्रसिद्ध पियानोवादक होरोविट्झची गुरुबहीण. ते गेल्यावर इगुम्नोवकडे. १९३५ साली अखिल सोव्हिएत स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, आणि दोनच वर्षांनी वडील आणि नवरा, दोघांनाही ‘जनतेचे शत्रू’ ठरवून मारलं. नवरा स्टांडे हा पोलिश कवी होता. हिला नोकरीवरून काढलं. हौशी नाचगटाला साथ करून तिने दिवस काढले, कधीमधी टिंपनी हे नगाऱ्यासारखं वाद्यही वाजवलं. १९५५ साली मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, त्यातून उठून परत मंचावर आली. परदेश दौरे बहुतेक पूर्व युरोपातच, पश्चिमेत जेमतेम हॉलंड. ग्नेसिन या संगीत संस्थेत शिकवायची जागा मिळाली तीही साठी उलटल्यावर. १९७८ च्या जुलैत टालिनला वारली, सत्तरीला काही आठवडे होते.

हे सगळं मी भराभर सांगून टाकलं, कारण माझं म्हणणं वेगळंच आहे. तिच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यात हा छळ पहिल्या ओळीत असतो, आणि मग लोक त्याच कानाने ऐकतात. विलाप आला की म्हणे नवऱ्याची आठवण. जोरात वाजवलं की म्हणे राज्यकर्त्यांवरचा राग. मला हे मुळीच पटत नाही. त्या बाईने बत्तीसच्या बत्तीस सोनाटे रेकॉर्ड केलेत. त्यात ओपस ३१ चा पहिला आहे, ज्यात दोन्ही हात मुद्दाम मागेपुढे पडतात, नवशिक्याचे पडतात तसे, आणि बीथोवन गालातल्या गालात हसतो. तिथे कुणाची आठवण काढायची? विनोद जमायला त्या हातांचा उशीर दर वेळी अगदी तेवढाच पडावा लागतो. ही साधनेची गोष्ट आहे. दुःखाला तिथे काही काम नाही.

बत्तीस सोनाट्यांचा हा संच मेलोदिया या सरकारी रेकॉर्ड कंपनीने १९७० साली तेरा एलपींत काढला. सगळे रेकॉर्ड करणारी ती पहिली सोव्हिएत पियानोवादक. तिथल्या दिग्गजांपैकी रिख्टर सगळ्यांच्या वाटेला गेलाच नाही. गिलेल्सने एका जर्मन कंपनीसाठी मालिका हाती घेतली, पण १९८५ साली तो गेला तेव्हा पाच राहिलेच होते, आणि त्यात शेवटचा ओपस १११ सुद्धा. म्हणजे जे काम दोघा दिग्गजांकडून पुरं झालं नाही, ते या बाईने आधीच करून ठेवलं होतं.

तरी नाव नाही, याचं कारण मला सरळ दुकानदारीत दिसतं. गिलेल्स १९५५ साली अमेरिकेत पोचला, रिख्टर १९६० साली. पाठोपाठ त्यांच्या रेकॉर्डी तिकडच्या कंपन्यांनी काढल्या, तिकडच्या मासिकांनी त्यांवर पानं भरली. ग्रिनबर्गचा संच घरच्याच बाजारात राहिला. ज्याने मैफल ऐकली नाही आणि परीक्षण वाचलं नाही, तो तेरा रेकॉर्डी कशाला घेईल? तुमच्या बाबांच्या मित्राने त्या ओझरपर्यंत वाहून आणल्या, त्या अर्थी माणूस दर्दी असणार.

ऐकताना एक करा. डाव्या हातावर कान ठेवा. वरची चाल आपोआप ऐकू येते, तिच्यासाठी वेगळं लक्ष द्यावं लागत नाही. खालच्या सुरांत ग्रिनबर्ग कुठेही नुसता भराव घालत नाही. तबल्याकडे लक्ष ठेवून बंदिश ऐकता ना, तसंच.

अवांतर: माझ्याकडे येणारे निम्मे पालक बीथोवनचं ‘फ्यूर एलिस’ कधी येणार एवढंच विचारतात. मुलीने ते वाजवलं, व्हिडिओ काढला, की क्लास बंद.


तानपुरा_जुना

बाईंचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण थोडं थंड पाणी ओततो.

ग्रिनबर्गचे सोनाटे मी बरेच ऐकलेत. आवाज कोरडा, वरचे सूर टणक, खोली लहान असल्यासारखी. मान्य, दोष तिचा नाही, पण ऐकणारा तरी काय करणार? बीथोवनसाठी मी अ‍ॅनी फिशरकडे जातो. बुडापेस्टची. तिनेही सगळे बत्तीस केलेत, १९७७-७८ मध्ये हंगरोटोन या तिथल्या रेकॉर्ड कंपनीसाठी. तिचं हामरक्लाविअर ऐका, म्हणजे ओपस १०६. पहिल्याच उडीत खुर्चीवरून उठवते.

दुसरं, ‘उपेक्षित’ या शब्दाचा आता कंटाळा आलाय. मोगूबाईंचं ध्वनिमुद्रण हाती लागतं ते किती थोडं. बापूराव पलुस्कर चौतिसाव्या वर्षी गेले, त्यांचं बालपण इथे विष्णु दिगंबरांच्या आश्रमात गेलं, आणि आज नाशिकमध्ये रस्त्यावर दहा जणांना थांबवून विचारा, किती जण सांगतील? रशियन बाईचे तेरा एलपी तरी आहेत.


पियानोबाई

आवाजाबद्दल तुमचं बरोबर. सोव्हिएत स्टुडिओत माइक जवळ, पियानो कधी कधी सुरात डळमळता. सुरुवातीला कानाला टोचतं. पण त्या कोरडेपणामुळेच आतलं सगळं दिसतं. पेडलच्या धुक्यात लपायला तिथे जागाच नाही.

हामरक्लाविअरबद्दलही वाद नाही, तिथे मीही फिशरच लावते. पण फिशरची गोष्ट पुरी सांगा की. श्रोत्यांशिवाय वाजवणं तिला सोसायचं नाही, रेकॉर्डिंगवर तिचा विश्वासच नव्हता. तो संच तुकडे जोडत केलेला, तिचं समाधान कधी झालं नाही, आणि १९९५ साली ती गेल्यावरच तो लोकांपुढे आला. तिच्या मनाप्रमाणे झालं असतं तर तुम्हाला तो ऐकायलाच मिळाला नसता. ग्रिनबर्गचा संच तिच्या हयातीत, तिच्या डोळ्यांसमोर निघाला. दोघींत उजवंडावं करत बसण्यापेक्षा ओपस १० चा तिसरा दोघींचा ऐका, त्यातली दुसरी संथ मूव्हमेंट. फिशर तिथे तुम्हाला हाताला धरून अंधारात नेते. ग्रिनबर्ग दिवा लावून खोली दाखवते आणि मग काही बोलत नाही. मला दुसरी जास्त भयंकर वाटते.

आणि ‘बिचारी’ मी तिला म्हटलेलं नाही, उलट तेच टाळा म्हणतेय. बाई चांगली तिखट होती. रशियन पद्धतीने, म्हणजे वडिलांच्या नावासकट, तिचं नाव मारिया इझराइलेव्हना. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात तिथली वर्तमानपत्रं रोज ‘इस्रायली आक्रमक’ असं छापत होती, तेव्हा ती स्वतःची ओळख मारिया अग्रेसरोव्हना (अग्रेसर म्हणजे इंग्रजीतला ‘आक्रमक’) अशी करून द्यायची म्हणे. ज्या घरातली दोन माणसं सरकारने मारली, त्या घरातल्या बाईने हे मोठ्याने बोलायचं म्हणजे धाडसच.

बापूरावांबद्दल वेगळा धागा काढा, मी येते.


बुधवारचा_बाजार

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मी बऱ्याच रेकॉर्डी उचलल्यात, त्यामुळे सामानाचं मी सांगतो. संगीत बाई बघतील.

दोन बाजूंना दोन नंबर हे बरोबरच आहे. जुन्या सोव्हिएत एलपींवर प्रत्येक बाजूला स्वतःचा नंबर असायचा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या पुढचा. एक बाजू सम, एक विषम आणि दोन्ही लागोपाठचे असतील तर चकती शाबूत समजा. नंबराच्या आधीचं अक्षर बघा. खाली दोन पाय फुटलेल्या त्रिकोणासारखं असेल तर मोनो. अर्धचंद्रासारखं उघडं असेल तर स्टिरिओ.

लेबलवर बारीक अक्षरांत सरकारी मानकाचा क्रमांक सापडेल, ५२८९, आणि त्यापुढे आडवी रेघ देऊन ६१, ६८, ७३ किंवा ८० असं काहीतरी. ते त्या मानकाचं वर्ष. ६८ असेल तर तुमची प्रत १९६८ च्या आधीची नाही, आणि ७३ चं मानक येईपर्यंतच्या काळातली असण्याचा संभव जास्त. ध्वनिमुद्रण कधीचं ते यावरून कळत नाही, फक्त छपाईचा अंदाज येतो. कारखान्याचं नावही लेबलवर असतं, लेनिनग्राड, रीगा, ताश्कंद वगैरे. एकच रेकॉर्ड निरनिराळ्या कारखान्यांत छापायचे, आणि कानाला फरक लागतो. बऱ्याच लेबलांवर किंमतसुद्धा रुबलमध्ये छापलेली दिसेल.

लाखांचं विसरा. सरकारी कंपनी होती, भरपूर छापायची. पूर्ण तेरांचा संच, चांगल्या अवस्थेत, पेटीसकट असला तर शौकीन विचारतात. सुट्यांना फार भाव नाही. म्हणूनच म्हणतो, ऐका.

बुरशी: नाशिकच्या पावसाळ्यात बंद माळ्यावर हे व्हायचंच. नळाचं पाणी वापरू नका, क्षार खाचांत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, आणि मऊ मायक्रोफायबर कापड. खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, कागद फुगतो आणि शाई उतरते. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत पुसून सावलीत उभी वाळवा. पंख्याखाली नको, धूळ बसते. आतलं जुनं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशीचं बी त्यातच असतं. नवी पाकिटं ऑनलाइन मिळतात. बाहेरचं पाकीट मात्र ठेवा. रेकॉर्डी नेहमी उभ्या. एकावर एक रचल्या तर वाकतात.

आणि ते सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर हल्ली सगळीकडे मिळतात, त्यावर लावू नका. त्यांच्या सुईचा दाब फार असतो, आणि वरच्या पट्टीचे सूर आधी घासले जातात. मित्राकडे धड टर्नटेबल आहे तर तिकडेच जा. चकती मोनो निघाली आणि त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असलं तर ते दाबून ऐका, खरखर बरीच कमी होते.


मिसळ_तर्री

लाखांत नाही तर नाही, पण मेलोदियाच्या पाकिटांचा वास एक नंबर असतो. युदिनाची असली कुणाकडे तर मला कळवा.


ओझर_टाउनशिप

सगळ्यांचे आभार. नंबर लागोपाठचे आहेत, जिवात जीव आला. मानकापुढे ६८ आहे. किंमत पण दिसली.

आईला त्या इंजिनियरबद्दल विचारलं. नाव तिला आठवत नाही, पण म्हणाली, त्याची बायको संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत बसायची आणि आम्हाला वाटायचं तिचं डोकं फिरलंय. आता मला वेगळंच वाटतंय.

बाई, तुम्ही ओपस नंबर सांगता, माझ्या लेबलांवर नुसते सोनाट्यांचे आकडे आहेत. एकीवर १६ लिहिलंय. ही ती हात मागेपुढे पडणारी का? आणि बाकीच्या ज्या माझ्याकडे नाहीत त्या कुठे ऐकू?


पियानोबाई

हीच, ओपस ३१ चा पहिला म्हणजे सोळावा. ओपस ११० नंतर लगेच हीच लावा. दुसरी मूव्हमेंट लांबलचक आहे, गिरक्या आणि मुरक्या संपता संपत नाहीत. इटालियन ऑपेरातल्या गायिकांची ती थट्टा आहे असं बरेच जण मानतात, त्यामुळे कंटाळून मधेच उठू नका, हसा. बाकीचे यूट्यूबवर मिळतील, आणि स्क्रिबेंडम नावाच्या कंपनीने तिच्या रेकॉर्डिंगचा मोठा सीडी संचही काढलाय. यूट्यूबवर ऐकणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको, डावा हात ऐकूच येत नाही.

आईंना विचारा, त्या बाईंची बोटं टेबलावर दोन्ही हातांची पडायची की एकाच.


बुधवारचा_बाजार

आणि लावायच्या आधी धुवा. बुरशी सुईला लागली तर मित्र परत दारात उभं करणार नाही.